सोळा पानं

पान १४४ नंतर पान १२९ आलं होतं. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात मिलिग्रॅम मोजलेल्या वीब्केने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. १२९ ते १४४ ही पानं दोनदा शिवली गेली होती आणि १४५ ते १६० गायब होती. तिने पुस्तक मिटलं. कुणाला काही सांगितलं नाही.

जर्मनीतल्या लेअर गावच्या चर्चमधल्या वाचनमंडळात पास्टर ओन्नो, हाब्बो आणि ती असे तिघंच उरले होते. एक जरी गळाला तरी चर्चची समिती मंडळ बंद करणार होती, आणि पास्टरांचा तर त्यात जीव. त्यामुळे मंडळ सोडायचं हे नऊ वर्षांपूर्वी ठरवूनही वीब्केच्या तोंडून ते निघत नव्हतं. दर महिन्याला नवी कादंबरी यायची, तिच्यातला नायक खिडकीशी बसून कंटाळायचा आणि देव गप्प असायचा.

"या वेळी लेखकाने कमाल केलीय!" चहा ओतता ओतता पास्टर म्हणाले. "नायक तीच सोळा पानं पुन्हा जगतो. श्रद्धा आटली की काळसुद्धा हलत नाही!"

"मला वाटलं, डुलकी लागून मीच मागं गेलो," हाब्बो म्हणाला. "पण १६१वर तो एकदम हसतो कशाला?"

"विनाकारण! हाच तर आजचा माणूस!"

पास्टरांनी त्यावर रविवारचं प्रवचन दिलं. ते गाजलं, म्हणून गावच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. लेखही गाजला, म्हणून थेट लेखकालाच बोलावलं.

लेखक रेहबाइन आले, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि पास्टरांचं चाळीस मिनिटांचं प्रास्ताविक कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

"पुन्हा जगतो? अहो, १४५वर तो गुडघे टेकतो! पुढची सोळा पानं देव त्याच्याशी बोलतोय. सहा वर्षं लागली मला ती लिहायला!"

तिघांनी प्रती उघडल्या. एकाच गठ्ठ्यातल्या होत्या. तिन्हींत १४४ नंतर १२९.

"म्हणजे देव बोलला," हाब्बो म्हणाला, "आणि बाइंडरने त्याला कापला?"

"एकाच्याही लक्षात आलं नाही?" रेहबाइन ओरडले.

"माझ्या आलं होतं," वीब्के म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

पास्टरांचा चेहरा पडला. "मग बोलला का नाहीत, वीब्केबाई?"

"सोळा पानं वाचायची वाचली, म्हणून." तिने कप खाली ठेवला. "पास्टर, देवाचा मला कधीच कंटाळा आला नाही. या कादंबऱ्यांचा आलाय. मी मंडळ सोडतेय."