मॅनेजरची सुटका

मी फक्त एक फोन केला होता. बाकी सगळं इतरांनी केलं, असं मी अजूनही म्हणतो. पण आता मनातल्या मनातच म्हणतो, कारण घरात ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

परदेशातून शिकून परत आलो त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. शिक्षणाचा विषय, शहरी प्राण्यांचं कल्याण. (असा विषय असतो. बाबांचाही विश्वास बसला नव्हता. त्यांनी नातेवाइकांना 'मॅनेजमेंटसारखंच काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेली होती.) आपल्या माणसांत राहून काहीतरी करून दाखवायचं या निश्चयाने मी परतलो. तिकडेच राहिला असता तर बरं झालं असतं, असं आता गल्लीतल्या निम्म्या लोकांचं मत आहे. उरलेल्या निम्म्यांचं मत छापण्यासारखं नाही.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याचं दुकान आहे. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि हँगरला लटकलेली, अजून बाह्या न फुटलेल्या शर्टांची रांग. त्या दुकानाच्या पायरीवर मला तो कुत्रा दिसला. पाठीवरचे केस जागोजागी भादरलेले. गळ्याला कसलीशी चिंधी आवळलेली. मागचा एक पाय आखडलेला. मी खिडकीतून हाक मारली, टाळी वाजवली, शीळ घातली. त्याने कानसुद्धा हलवला नाही. आत मास्तर मान खाली घालून मशीन चालवत होते. मी बराच वेळ पाहत होतो. तेवढ्या वेळात त्या माणसाने कुत्र्याकडे एकदाही ढुंकून पाहिलं नाही.

रस्ता ओलांडून मास्तरांना विचारावं, असं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण छळ करणाऱ्याला आधी सावध करू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. म्हणून मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"कुत्रा चावतो का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"तो चावण्याच्या मनःस्थितीतच राहिलेला नाही."

"म्हणजे नाही ना?"

"नाही."

"मालक आहे?"

"मालक म्हणवणारा एक इसम आहे. तो शेजारीच बसलेला असतो, पण त्याची नजर मेलेली आहे."

"एक मिनिट," ती म्हणाली, "'मेलेली' लिहून घेते."

मग मी मोकळा सुटलो. गळ्यातल्या फासाबद्दल बोललो, समाजाच्या थंडपणाबद्दल बोललो, या मुक्या जिवाने माणसाच्या हाकेला ओ द्यायचंच सोडून दिलंय असंही म्हणालो. ती पोरगी शेवटी नाक ओढत होती. (तिला सर्दी होती, हे नंतर कळलं.)

संस्थेची गाडी आली तेव्हा मास्तर बटणं आणायला गेले होते. दोघांनी कुत्र्याला अलगद ब्लँकेटमध्ये घेतलं. तो झोपेतच गाडीत चढला. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, आज पहिल्यांदा एक जीव वाचवला, असं वाटून मी स्वतःसाठी चहा केला आणि दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

आई बाहेरून आली ती पिशवी हातातच धरून खिडकीशी उभी राहिली.

"मॅनेजर कुठे गेला?"

"कोण मॅनेजर?"

"मास्तरांचा कुत्रा. दिवसभर दुकानात बसतो आणि काही करत नाही, म्हणून सगळे मॅनेजर म्हणतात. पायरी सोडून तो कुठे जात नाही."

मी सगळं सांगितलं. सांगताना आवाजात थोडा विजय होता, तो आईचा चेहरा बघून वाक्यागणिक कमी होत गेला.

"केस भादरलेत," आई म्हणाली, "कारण त्याला खरूज झाली होती. मास्तर रोज मलम लावतात. गळ्यात आहे तो मखमलीचा पट्टा आहे, कुणाच्यातरी कोटातून उरलेल्या कापडाचा."

"मी हाका मारल्या, आई. काही प्रतिसाद नाही."

"बहिरा आहे तो."

"आणि पाय?"

"म्हातारा आहे. तुझे आजोबा शेवटी शेवटी असेच झाले होते. तेव्हा तुझ्या हातात फोन नव्हता, नशीब त्यांचं."

मास्तर परत आले. त्यांनी पायरी पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग कुणीतरी त्यांना आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मी खाली गेलो, जे झालं ते स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि माझा हेतू किती शुद्ध होता हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. "तुमचं बरोबरच असेल." आणि मशीनवर झाकण घातलं.

ते झाकण निघेना. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडून नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "मॅनेजर नाहीत. काम बंद आहे." गल्लीतल्या प्रत्येक घराचं काहीतरी त्या दुकानात अर्धवट पडलं होतं. शेजारच्या काकूंच्या मुलीचा मुलाखतीचा कोट एका बाहीवर अडकला. बाबांची ऑफिसची पँट तर उसवून ठेवलेली, म्हणजे आता ती पँटही नव्हती आणि कापडही नव्हतं. बाबा मागच्या जिन्याने कामावर जाऊ लागले, ते पँटच्या लाजेने की माझ्या, हे मी विचारलं नाही.

शेवटी मी संस्थेत गेलो. जागा स्वच्छ होती. प्रत्येकाला वेगळा कप्पा, वाडगा, अंथरूण. मॅनेजर भिंतीकडे तोंड करून बसला होता. वाडगा भरलेलाच.

"खात नाहीये," तिथे साफसफाई करणाऱ्या बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या कुत्र्याचं असं झालं की लवकर घरी पाठवलेलं बरं. नाहीतर मग पाठवायचं राहूनच जातं."

मी धावत ऑफिसात गेलो. टेबलामागचा कारकून अत्यंत सभ्य होता.

"कुत्रा परत हवाय," मी म्हणालो. "मास्तरांसाठी."

"दुर्लक्षाची तक्रार ज्याच्याबद्दल आली त्याला प्राणी परत देत नाही आम्ही. नियम आहे."

"नियम चांगला आहे," मी म्हणालो. (चांगलाच आहे. माझ्या अभ्यासात मी असाच नियम हवा म्हणून पानंच्या पानं लिहिली होती.) "पण ही तक्रार जरा जास्तच झाली होती."

"जास्त? अहो, आम्ही ती नव्या लोकांना नमुना म्हणून वाचून दाखवतो. 'नजर मेलेली आहे' या वाक्याला परवा दोघं रडली."

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

"मग मी दत्तक घेतो," मी म्हणालो.

"घ्या की. आमच्या मॅडम घर बघायला येतील. घर पसंत पडलं तर कुत्रा तुमचा."

घरी येऊन मी कामाला लागलो. विजेची बटणं टेपने झाकली. कुंड्या गच्चीवर नेल्या. जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी बांधली, तिला अडखळून बाबा ऑफिसची बॅग घेऊन आडवे झाले. आई माझ्याकडे बघत डाळ निवडत होती.

"हे सगळं कुत्र्यासाठी?"

"घर सुरक्षित असलं पाहिजे, आई."

"तू याच घरात रांगलास. तेव्हा कुणी बघायला आलं नाही." मग तिने हलक्या आवाजात बेत सांगितला. "हे बघ. कुत्रा आपल्या नावावर घ्यायचा आणि दिवसा मास्तरांकडे पाठवायचा. त्या बाई आल्या की तू फक्त हसायचं. बोलायचं नाही."

"पण ही फसवणूक झाली."

"म्हणूनच म्हणते बोलायचं नाही."

मॅडम आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर झोळी, चेहऱ्यावर हजार घरं बघितल्याचा थकवा. त्यांनी टेप लावलेली बटणं पाहिली, फळी ओलांडली, डाळीचं ताट पाहिलं.

"दिवसा घरी कोण असतं?"

"मी," आई म्हणाली.

"कुत्रा दिवसा कुठे राहील?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी हसलो. पण माणसाचे गालही किती ताणणार, आणि तत्त्व ही काय चीज आहे हे आईला कधीच कळलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, मला खरं बोलायचंय."

आईने डाळीत हात घातला तो बाहेरच काढला नाही.

"तक्रार चुकीची होती," मी म्हणालो. "मास्तर कुत्र्याला जिवापाड जपतात."

मॅडमनी झोळी खाली ठेवली. "म्हणजे तक्रार करणारे तुम्हीच?"

"हो."

"आणि ती खोटी होती?"

"खोटी नाही. प्रामाणिकपणे चुकीची."

"खोटी तक्रार करणाऱ्याला आम्ही प्राणी देत नाही."

"मग खरी होती असं समजा."

"खरी असेल तर हा कुत्रा समोरच्या दुकानाजवळ ठेवता येणार नाही. तुमचं घर तर त्याच्या तोंडावरच आहे."

मी बराच विचार केला. तक्रार खरी ठरली तरी मॅनेजर भिंतीकडे तोंड करून बसणार होता, खोटी ठरली तरी. समोर मास्तर झाकलेल्या मशीनवर कोपरं टेकून बसलेले दिसत होते.

"तिसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "तक्रारच मागे घ्या. मग मालक दोषी नाही, आणि कुत्रा मालकाकडे. पण तुमचं नाव आमच्याकडे कायमचं लागेल. तुमचा फोन पुन्हा कुणी घेणार नाही. आणि स्वयंसेवक व्हायचा तुमचा अर्ज आलाय ना, तो जाईल केराच्या टोपलीत."

तो अर्ज माझ्या परत येण्याचं खरं कारण होता. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणालो, "घेतो मागे."

"कारण सांगावं लागेल. आमच्याकडे तीनच कारणं चालतात. जुनं वैर, खोडसाळपणा, अज्ञान."

"मला वाटतं, व्यवस्थेतल्या संवादाचा अभाव आणि निरीक्षणाच्या पद्धतीतली—"

"अज्ञान लिहा," आई म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. मग पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसल्या. आईने त्यांना चहा दिला. दोघी बोलत बसल्या. कोपऱ्यावरच्या मांजरीला पिल्लं झालीत, ती कुठे हलवायची, गल्लीतलं कुठलं जनावर कुणाचं, कुणाच्या जवळ जायचं नाही, याची आई खडान्‌खडा माहिती देत होती. मला कुणी काही विचारलं नाही. मी फळी सोडली.

दुसऱ्याच दिवशी संस्थेची गाडी आली. मॅनेजर उतरला, नाकानेच रस्ता ओळखत, आखडलेला पाय ओढत पायरीशी आला आणि धापकन बसला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. बोलून त्याला ऐकू येणार नव्हतंच. त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला, मास्तरांचं मनगट चाटलं आणि खायला लागला. मग मास्तरांनी मशीनवरचं झाकण काढलं. आमच्या घरात बाबा सगळ्यात आधी उठून उभे राहिले.

मी रस्ता ओलांडून माफी मागितली. मास्तर दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत म्हणाले, "असू दे. त्यांनी आंघोळ चांगली घातलीय." एवढंच. माझ्या एका शर्टाची बाही त्यांच्याकडे अजून पडून आहे. मी मागत नाही.

मॅडमना आई फार आवडली. त्यांनी तिला आमच्या भागाची स्वयंसेवक केलं. आता तिच्याकडे संस्थेचं ओळखपत्र आहे आणि दिवसभर तिला फोन येतात. ती बाहेर गेली की फोन घरीच विसरते. परवा तो मी उचलला. कुणी एक गृहस्थ काळजीत होते, त्यांच्या आवारात जखमी घार पडली होती.

"बाई आहेत का?"

"नाहीत. पण मी त्यांचा मुलगा. याच विषयात शिकलोय. सांगा, घार कुठल्या अवस्थेत आहे?"

"नको," ते म्हणाले. "मुलाने उचलला तर ठेवून द्या, असं सांगितलंय."

"कुणी? संस्थेने?"

"नाही हो. बाईंनीच."