साहेबाचं खातं

नोमानची सहा महिन्यांची कच्ची नोकरी शुक्रवारी संपत होती. कायम होणार की घरी जाणार, याचा निकाल त्याच आठवड्यात लागायचा होता, आणि नेमकं सोमवारी ऑफिस सांभाळणाऱ्या मेघा मॅडमनी त्याला नवा मेल सर्व्हर चालू करायला सांगितलं. काम म्हटलं तर एका यादीचं. डावीकडे खात्याचं नाव, उजवीकडे ई-मेल पत्ता. कुणाचा मेल कुणाच्या खात्यात पडायचा, ते सर्व्हर या यादीवरून ठरवणार. चाळीस ओळी. नोमानला वाटलं, चहा निवायच्या आत उरकेल.

पण करमाडजवळच्या त्या बियाणे कंपनीतली खाती कारभारी नावाच्या जुन्या ऑपरेटरने उघडलेली होती आणि त्यांचं आडनावांशी वैर असावं. ऑफिसात ज्याला जी हाक, तेच त्याच्या खात्याचं नाव. 'पैलवान', 'तात्या', 'तात्या२'. कारभारी आता निवृत्त होऊन सिल्लोडला होते. नोमानने फोन लावला.

"काका, ते 'साहेब' खातं कुणाचं?"

"साहेबाचंच की! आनखी कुनाचं?"

"नक्की ना? माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"आरं, वीस वर्सं त्याच्यासंगं च्या पिलोय मी, एका कपातला, बशीत वतून. आन मला इचारतो व्हय?"

मालकाबरोबर बशीतून चहा! नोमानचा कारभारींबद्दलचा आदर दुणावला. त्याने 'साहेब'पुढे मालक राजेंद्रसाहेबांचा पत्ता टाकला. पुढच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'मालक' लिहिलेलं होतं. घरी उर्दू बोलणाऱ्या नोमानने ते सरळ 'मलिक' वाचलं आणि गोदामातल्या मलिकभाईंचा पत्ता तिथे ठोकून दिला. मलिकभाईंना मेल येणं बंद झालं, पण त्यांनी काही तक्रार केली नाही.

बुधवारी खरेदीवाला अभय मोबाइल नाचवत आला. "नोमान, सायबांना काय झालंय? मी मक्याच्या बियाण्याचा भाव मंजुरीला पाठवला, तर उत्तर काय? 'गाडी नंबर नाय. आत सोडू नये.' आन निशाच्या रजेच्या अर्जावर? 'बाहेर सोडा. पिशवी तपासा.'"

ही भाषा नोमान रोज सकाळी ऐकत होता. तो गेटकडे पळाला. गाड्यांची नोंद करायच्या कॉम्प्युटरपुढे वॉचमन साहेबराव एका बोटाने टाइप करत बसले होते.

"मामा, हे मेल तुम्हाला येतात?"

"तीन दिवसांत दोनशे आले. कुनी इचारलं तर जवाब द्यावा लागंल का नाय?"

"अहो, पण ते मालकांचे आहेत!"

"खात्यावर साहेब लिवलंय. मला समदे साहेबच म्हनत्यात."

नोमानने मेल खाली सरकवले. एक मेघा मॅडमचा होता : नोमान शेख यांना कायम करावं का? त्याखाली उत्तर : 'करू नये. रोज उशिरा येतो.'

"मामा, औरंगपुऱ्यातून इथपर्यंत किती ट्रॅफिक लागतं!"

"रजिस्टरात ट्रॅफिकचा रकाना नाय."

"हात जोडतो. एवढं एक उत्तर बदला."

"गेटवर खाडाखोड चालत नाय. मालकाचा हुकूम हाय."

गप्प बसावं, तर ते उत्तर मालकांचं समजून मेघा मॅडम घरी पाठवणार. खरं सांगावं, तर मालकांचं टपाल वॉचमनला पोचवल्याबद्दल मालक घरी पाठवणार. नोमानला रडू यायचंच बाकी राहिलं. निदान खरं बोलून जावं म्हणून त्याने यादीतल्या 'साहेब' आणि 'मालक' या दोन ओळी दुरुस्त केल्या, साहेबरावांची सगळी उत्तरं छापून घेतली, स्वतःचा कागद सगळ्यात खाली ठेवला आणि केबिनचं दार ढकललं.

मालक उतरल्या चेहऱ्याने बसले होते. सगळं ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला. "तीन दिवस मला नुसते गोदामातल्या रिकाम्या पोत्यांचे मेल येताहेत. मला वाटलं, धंदाच बसला!"

मग त्यांनी गठ्ठा ओढला. "मक्याचं बियाणं आत सोडू नये... बरोबर! या पार्टीचा माल मागे उगवलाच नव्हता. पिशवी तपासा... बरोबर!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नोमान, तुझी चूक माफ. असला माणूस आम्ही गेटवर बसवलाय!"

नोमानचा जीव भांड्यात पडला. मालक कागदामागून कागद उलटत होते आणि प्रत्येकावर मान डोलवत होते. शेवटचा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून नोमानकडे पाहिलं.

"हेही बरोबरच लिहिलंय," ते म्हणाले.