भावजींचा फारम

आमचे भावजी स्वतःच्याच नावानं पत्र टाकायचे. सायकलवर भोकरदनला जायचे, तिथल्या डब्यात टाकायचे, आन हसनाबादला घरी येऊन रोज ओट्यावर पोस्टमनची वाट बघायचे. एकदा पत्र आठव्या दिवशी आलं. त्येंनी तिथंच फोडून मोठ्यानं वाचलं, आत एकच ओळ लिव्हलेली, 'पत्र पोचले का?' पोस्टमननं इचारलं, गुर्जी, जवाब आताच देता का उद्या येऊ? भावजींनी पत्र खिशात घातलं आन मला म्हनले, "वहिनी, टपालाचा कोर्स बराबर न्हाई."

भावजी म्हंजे माझे धाकटे दीर, गावातल्याच शाळेत गुर्जी. त्येंचं लगीन झालं न्हवतं. भावजी सात वर्षांचे होते तवा माझे मालक गेले. सासू-सासरे आधीच गेल्ते. दोन एकर रानात भागत न्हवतं, म्हनून मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे. हात चिरायचे, भाकर थापताना आग व्हायची. पन भावजींची शाळा मी बंद पडू देली न्हाई.

शिक्षनशास्त्राचं एम.ए. केलं की मोठ्या शाळेत हेडमास्तर होताल, असं त्येंच्या साहेबांनी सांगितल्तं. नोकरी करता करता शिकायचे तीन कोर्स होते. तिन्हीचे फारम भावजींनी मागवले. मी देव्हाऱ्यात ठेवले, हळद-कुंकू वाह्यलं. पन भावजी फारम भरायच्या आधी कोर्साची तालीम करायचे. पहिला कोर्स टपालाचा, त्याची तालीम म्हंजे ते पत्र.

दुसरा कोर्स जालन्याला, दर आइतवारी. भावजी भरती न होताच तीन आइतवार एस.टी.नं गेले आन मागच्या बाकावर बसले. तिसऱ्या आइतवारी सरांनी नाव इचारलं. भावजी उभे राहून म्हनले, "मी अजून भरती झालो न्हाई सर. बघून राह्यलो." सरांनी हाकललं न्हाई, उलट चहा पाजला. घरी येऊन भावजींनी सांगितलं, सर बिलकुल चांगले हायत, पन बाक लई कडक हाय.

पारावरचे लोक चेष्टा करायचे. गुर्जी, कोर्स बघून राह्यले का पोरगी? भावजी शांतपनं म्हनायचे, पोरगी बघनं सोपं, तिथं परीक्षा नसती. लगीन झालेले लोक लई हसायचे.

दोन वर्षं अशी तालमीतच गेली. मंग साहेबांनी निरोप धाडला, औंदा फारम भरला न्हाई तर हेडमास्तरची जागा दुसऱ्याला. आखरी तारीख उद्यावर आली. भावजी ओट्यावर सायकल पुसत बसल्ते. मी तिन्ही फारम आनून त्येंच्या पुढ्यात टाकले.

"भावजी, माझ्या हाताकडं बघा. तुम्ही सायकल पुसत बसावं म्हनून न्हाई चिरले हे."

त्येंनी फडकं खाली ठेवलं. मंग म्हनले, "वहिनी, हेडमास्तर झालो की बदली होती. पार परतूरकडं, न्हाई तर अजून लांब. तुम्ही संगं येताल का?"

"रान सोडून कुठं येऊ?"

"मंग सांजची भाकर कोनासाठी कराल?"

  मी पेन उचलला आन त्येंच्या हातात देला.

भावजींनी मान खाली घालून फारम भरला. सही केली. मी इचारलं, कोनता भरला?

"तिसरा. याला घाई न्हाई. सवडीनं पाच वर्षांत कवाबी पुरा करा म्हनत्यात."

"आन बाकीचे?"

"दोन-दोन वर्षांचे."

त्येंनी मान वर केली न्हाई. मला अक्षर कळत न्हाई, पन दोन आन पाच कळतेत. फारम लवकर भरा म्हनून दोन वर्षं मी त्येंच्या मागं लागल्ते. त्या दिवशी मातर चुलीपाशी गेले, पीठ मळलं, आन कोर्स जल्दी उरका म्हनून मी काई म्हनले न्हाई.