दाऊदभाईंचे किमोनो

दाऊदभाई मुकादमांनी एकदा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा दरवाजा पायाने अडवून ठेवला होता. आत एक बाई स्विमिंग पूलवर निघालेली, अंगावर किमोनो, त्याची उजवी बाजू वर. "मॅडम, लेफ्ट साइड ऊपर. ऐसा तो मय्यत को पहनाते हैं जपान में." बाईंनी सिक्युरिटीला बोलावलं. दाऊदभाईंनी सिक्युरिटीलाही तेच समजावलं.

ते मूळचे दापोलीकडचे. शारजाच्या जुन्या कपड्यांच्या गोदामात तीस वर्षं त्यांनी बांधून आलेल्या गाठी फोडल्या. जपानच्या गाठीत किमोनो निघायचे आणि थेट चिंध्यांत जायचे. "हाताने रंगवलेलं रेशीम, सावंतसाहेब. त्याने मशीनचं ग्रीस पुसतात. माणसं आहेत का कोण?" हा प्रश्न ते मलाच विचारायचे, जणू ग्रीस मी पुसलं होतं. मॅनेजरशी भांडून ते एकेक किमोनो घरी आणत गेले. आमच्याच बिल्डिंगमधल्या त्यांच्या एका खोलीच्या घरात आता चाळीसेक आहेत, आडव्या पाइपांवर हात पसरून टांगलेले. बघायचे तर आधी हात धुवायचे. चहा दाराबाहेर प्यायचा. टाका कुणी ओढायचा नाही.

माझी बायको एकदा सहज म्हणाली, "गाऊन छान आहे हो." महिनाभर आम्हाला सलाम नाही.

मरीना भागातल्या एका हॉटेलची सजावट करणारा गृहस्थ आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याला कुशन कव्हरं शिवायची होती. दाऊदभाई आधी शांतपणे म्हणाले, "एका ताग्याचे सरळ तुकडे असतात हे. वाया काही जात नाही. उसवा, धुवा, परत शिवा, नातीपर्यंत जातो." तो म्हणाला, "एक्झॅक्टली, म्हणून तर कापायला सोपं." दाऊदभाईंचा आवाज चढला. "तुमच्या आईच्या लग्नातल्या साडीचं पायपुसणं करता का? खलास. यल्ला, चला बाहेर." त्याची चप्पलही त्यांनीच दाराबाहेर ठेवली.

त्यामुळे माझ्या आठ वर्षांच्या मीराने शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी किमोनो मागायचं ठरवलं, तेव्हा मी तिला अडवलं. तरी ती गेली. मागोमाग मी.

"फॅन्सी ड्रेस?" दाऊदभाई तडकले. "हा काय तमाशा आहे?"

"अंकल, आय विल बी केअरफुल," मीरा म्हणाली. हात ती धुऊनच आली होती.

बराच वेळ पुटपुटत त्यांनी ट्रंकेतून एक छोटा लाल किमोनो काढला. त्याच्या बाह्या तिला आखूड झाल्या. मीराने खांद्यावरच्या दुमडीवर बोट ठेवलं. "व्हॉट इज धिस?"

"आई घालते ती दुमड. पोर वाढलं की उसवते, कपडा मोठा होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी दोन वर्षांनी एकदा गावी जायचो. लेकीसाठी, नाझनीनसाठी, फ्रॉक न्यायचो, गेल्या खेपेला पोर केवढी होती ते आठवून. दर वेळी लहान व्हायचा. पोरगी श्वास रोखून उभी राहायची, आईला बटण लावता यावं म्हणून."

मी म्हटलं, "राहू दे दाऊदभाई, आखूड चालेल."

"का चालेल?" ते माझ्यावर खेकसले. चष्मा लावला, बारीक कात्री घेतली, मीरासमोर गुडघ्यांवर बसले आणि एकेक टाका उसवू लागले.

"श्वास घे, बेटा," ते म्हणाले. "आरामात घे."