मापात बसलेला कोट

मुलाखतीला चार दिवस उरले असताना ताईंची एकुलती एक बरी पँट बसल्या जागी फाटली. आवाज इतका खणखणीत आला की स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "काय पडलं गं?"

"पडलं नाही. फाटलं."

"काय फाटलं?"

"नशीब!"

नशीब फाटलं असतं तर चाललं असतं, त्याची ताईंना सवय होती. पण पँटचं कापडच विरलं होतं आणि तिथे सुईदोऱ्याची मात्रा चालणार नव्हती. शिवाय परक्या देशात ताईंच्या मापाची दुसरी पँट मिळवायची म्हणजे दिवसाउजेडी काजवे शोधण्यापैकी होतं. ताई अंगाने चांगल्या भरभक्कम. आणि हा देश काटकुळ्यांचा. इथल्या दुकानांत एक्सएल म्हणून जे विकतात त्यात ताईंचा एक हात जायचा, तोही कोपरापर्यंत.

तुम्ही म्हणाल, मग सहा वर्षं कसं निभावलं? पांढऱ्या कोटाने. ताई शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. रोज सकाळी गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि त्यात क्लोरीन किती, गाळ किती, जंतू आहेत का, हे ताई बघायच्या. पुरुषांचा सगळ्यात मोठा पांढरा कोट घ्यायचा, बाह्या दोनदा दुमडायच्या, की झालं. आत काय घातलंय ते बाटल्यांनी कधी विचारलं नाही. पण नोकरी कराराची, दरवर्षी नव्याने सही. यंदा पहिल्यांदा कायमची जागा निघाली होती, आणि साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं की यापुढे करार नाहीत. जागा मिळाली तर राहा, नाहीतर गाशा गुंडाळा. नवऱ्याचा इथे राहायचा परवानाही ताईंच्याच नोकरीवर होता. आणि मुलाखतीला काही पांढरा कोट घालून जाता येत नाही.

पहिल्या दिवशी ताई मोठ्या बाजारात गेल्या. पहिल्या दुकानातल्या पोरीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग आडवं बघितलं, आणि गोड हसून म्हणाली, "आमच्याकडे स्कार्फ फार सुंदर आलेत."

"स्कार्फ घालून मुलाखतीला जाऊ?"

"पर्ससुद्धा आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दुकानात मोठ्या मापाचा विभाग होता. पार मागे, आग लागली तर पळायच्या दाराशेजारी. तिथल्या प्रत्येक कपड्यावर काहीतरी छापलेलं. परातीएवढी फुलं, केळीची पानं, एका ब्लाउजवर तर दोन हिरवे पोपट, आणि दोघांच्या चोची बरोबर नको तिथे आलेल्या. जाड बाईला पोपट आवडतात हे कुणी ठरवलं, त्याला एकदा समोर आणा. कापड तर असं की पलीकडची पाटी वाचता यावी. तिसऱ्या दुकानात एक काळी पँट ताईंना चक्क झाली. आनंदाने त्या खाली वाकल्या, आणि मागची शिवण हसली. कशात काय अन् फाटक्यात पाय!

रात्री आईचा फोन आला. "माप सांग, मी इथून शिवून पाठवते."

"अगं, तीन दिवसांत कसं पोचेल?"

"मग थोडी बारीक हो."

"तीन दिवसांत?"

"निदान आत गेल्यावर श्वास धरून बस," आई म्हणाली. आया अशाच असतात.

फोन ठेवल्यावर ताईंना रडूच कोसळलं. "अहो, मला सगळं पाठ आहे हो. टाक्या पाठ आहेत, नळ पाठ आहेत. आणि मी घरी परत जाणार ते कशापायी, तर एका पँटपायी!"

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. बोलणं कमी, पान्हे जास्त. तो जरा वेळ दाढी खाजवत बसला आणि म्हणाला, "आमचे कामाचे कपडे जिथनं येतात तिथे जाऊ या का? तिथे माणसाच्या मापाचं मिळतं. आमचा फोरमन तुझ्या दीडपट आहे."

"तुमच्या फोरमनचं माप मला सांगू नका," ताई म्हणाल्या. पण गेल्या.

मालधक्क्यामागे एक लांबलचक गोदाम होतं. गळ्यात टेप घातलेला म्हातारा दुकानदार काही विचारेना, कीव करेना. "हात वर. वळा. हं." एवढंच. आत गेला आणि नेव्ही ब्लू रंगाचा कोट आणि पँट घेऊन आला. "एका मोठ्या ऑर्डरमधला उरलेला नग आहे. बघा घालून."

ताईंनी कोट घातला. बटणं लागली. हात पुढे केले, हात मागे केले, खाली वाकल्या, उकिडव्या बसल्या. काहीही फाटलं नाही! कापड जाड, अस्तर गुळगुळीत, शिवण दुहेरी, आत दोन खिसे, खांद्यांवर बेताच्या पट्ट्या. आरशात एक रुबाबदार बाई उभी होती आणि ती बाई आपणच आहोत हे कळायला ताईंना जरा वेळ लागला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, मी चांगली दिसतेय."

"दिसतेसच," नवरा म्हणाला. "कापड बघ की! दहा वर्षं मरण नाही."

आता खरं तर इथेच त्याची ट्यूब पेटायला हवी होती. मुलाखत ज्या सरकारी इमारतीत, तिथल्या लिफ्टचं काम पाच वर्षं त्याच्याकडेच होतं. पण लिफ्टचा मेकॅनिक काम करतो खड्ड्यात. फटीतून त्याला माणसं दिसतात ती घोट्यापर्यंत. त्या इमारतीतले सगळे बूट त्याला तोंडपाठ होते, कोट त्याने एकही बघितला नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी पठ्ठ्याने मुद्दाम त्याच लिफ्टची दुरुस्ती लावून घेतली. "मी खालीच आहे. तेवढाच तुला धीर," असं सांगून तो सातलाच बाहेर पडला. मुलाखत साडेनऊला, सगळ्यांत शेवटची, पाचव्या मजल्यावर. ताई पावणेनऊलाच दारात हजर झाल्या, आणि थबकल्या.

दारात एक सडपातळ बाई उभी होती. नेव्ही ब्लू कोट. तीच बटणं, त्याच खांद्यावरच्या पट्ट्या, तेच खिसे. समोर आरसाच ठेवावा, फक्त अर्ध्या रुंदीचा. कोटाच्या बाहीवर तेवढा एक बिल्ला जास्त होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'सुरक्षा'.

ताई तोंड उघडणार इतक्यात ती बाईच ओरडली, "आलीस एकदाची! किती उशीर! रात्रपाळी करून उभीच आहे मी. धर हे." तिने ताईंच्या हातात वॉकीटॉकी कोंबला. "लिफ्ट बंद आहे, चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी नाही, आणि दाखलेवाले जाम तापलेत. बिल्ला कुठेय तुझा? जाऊ दे. माझी बस सुटेल!"

"अहो बाई, मी ती नाही..."

पण बाई केव्हाच रस्त्यापलीकडे पोचली होती.

वॉकीटॉकी टेबलावर ठेवून जाता आलं असतं. तुम्ही-मी गेलोही असतो. पण दुसऱ्याची वस्तू वाऱ्यावर सोडून जायचं नाही, असं ताईंच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून त्या कुणीतरी येईपर्यंत थांबल्या, आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. साठ-सत्तर माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली.

"जन्मदाखला कुठे?"

"जिना कुठल्या बाजूला?"

"लिफ्ट कधी सुरू होणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं!"

"मला नाही हो माहीत," ताई म्हणाल्या.

"मग पगार कशाचा घेता?" एक गृहस्थ गरजले.

तेवढ्यात लिफ्टच्या दारापाशी रेटारेटी झाली आणि खालच्या फटीतून इथल्या भाषेत आरोळी आली. "ओ सिक्युरिटी! झोपलात काय? माणसं हटवा इथनं! डोक्यावर धूळ पडतेय माझ्या!"

आवाज ओळखीचा होता. ताई तरातरा गेल्या, फटीशी वाकल्या (पँटने ब्र काढला नाही) आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "अहो! मी आहे!"

खड्ड्यात पान्हा खणकन पडला.

"तू? तू सिक्युरिटीत कधी लागलीस?"

"तुम्हीच लावलंत! हा कोट त्यांचा आहे! आता लिफ्ट तरी चालू करा!"

"सगळं खोललंय गं. एक तास तरी लागेल."

"धीर द्यायला आले होते म्हणे!" ताई करवादल्या. पण राग आला की ताईंचा आवाज सुटतो, आणि आवाज सुटला की समोरचा ऐकतो. त्या ताठ उभ्या राहिल्या. "दाखलेवाले डावीकडे! बाकीचे उजवीकडे! गुडघेवाले काका, तुम्ही या खुर्चीवर बसा, तुमचा कागद वर मी पाठवते. ढकलू नका!" सत्तर माणसं मुकाट्याने दोन रांगांत उभी राहिली. त्यांतच तीन सुटाबुटातले उमेदवार होते. ताईंच्याच जागेसाठी आलेले! त्यांनी अदबीने विचारलं, "मॅडम, पाण्याच्या मुलाखती कुठे?" आणि ताईंनी त्यांना स्वतःच्या हाताने जिना दाखवला.

खरी बदली पोरगी धापा टाकत आली तेव्हा दहाला पाच कमी होते. तिच्या हातात वॉकीटॉकी देऊन ताईंनी जी धाव घेतली ती पाचव्या मजल्यावरच थांबली. दार ढकललं. आत मुलाखत घेणारे तिघे जण कागद आवरत होते. नेव्ही ब्लू कोट बघताच एक सभासद दचकून उठला. "सॉरी, सॉरी, वेळ झाली ना? पाच मिनिटांत खोली रिकामी करतो."

"करू नका!" ताई ओरडल्या. "मी मुलाखतीला आलेय!"

मधल्या खुर्चीवरच्या अध्यक्षबाईंनी मान वर केली. त्या ताईंच्याच अंगाच्या, किंवा काकणभर सरसच. आणि त्यांच्या अंगावर चक्क ते दोन हिरवे पोपट होते.

"तुम्हाला अर्धा तास उशीर झालाय," अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या. "आमच्याकडे नियम आहे."

सहा वर्षं, घर, नवऱ्याचं काम, सगळं त्या एका वाक्यावर लटकलं होतं. "खाली मला सिक्युरिटी समजले," ताई म्हणाल्या. "दारात कुणीच नव्हतं. सत्तर माणसं तशीच टाकून कशी येऊ? नियमाने नाही म्हणा हवं तर. पण एवढी वर्षं या गावाचं पाणी मी तपासलंय. गेल्या वर्षी उत्तरेच्या टाकीत जंतू सापडले तेव्हा मशीन बिघडलंय म्हणाले सगळे. मी तीन वेळा तपासलं. मशीन ठीक होतं. टाकीचं झाकण फुटलं होतं."

दोन्ही सभासद एकमेकांकडे बघायला लागले. "ती बाई तुम्ही?" एकाने विचारलं.

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग वीस मिनिटं प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि ताईंना सगळं येत होतंच. शेवटी अध्यक्षबाई सभासदांना म्हणाल्या, "तुम्ही जरा कॉफी घेऊन या. मला एक प्रश्न एकटीने विचारायचाय."

दार लागलं. अध्यक्षबाई टेबलावरून पुढे झुकल्या. पोपटही झुकले.

"खरं सांगा. हा कोट कुठे मिळाला?"

ताईंनी सांगितलं.

"वाकता येतं?"

"उकिडवं बसता येतं."

"आत खिसे?"

"दोन. पण मॅडम, हा सिक्युरिटीचा..."

"असू दे हो!" अध्यक्षबाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "वीस वर्षं मी या खुर्चीवर बसतेय. वीस वर्षं पोपट घालतेय!"

नेमणुकीचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. नवऱ्याने ते तीनदा वाचलं आणि "कापड चांगलं होतं," एवढंच म्हणाला.

कायमच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कागदांवर सह्या करायला ताई पुन्हा त्याच इमारतीत गेल्या, त्याच कोटात. बघतात तर दारात ही गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध नेव्ही ब्लू कोटातल्या, घामाघूम झालेल्या अध्यक्षबाई. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात कुणाचा तरी जन्मदाखला.

"बरं झालं आलात!" त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "सकाळपासून एकही माणूस माझं ऐकत नाहीये. तुम्ही काय म्हणाला होतात त्यांना?"

ताईंनी हातातली फाइल काखेत मारली.

"आधी तुम्ही डावीकडे उभ्या राहा," त्या म्हणाल्या.