सोमवारचा पासवर्ड

माणसाने आपण आपणच आहोत हे पटवून दिल्याशिवाय त्याला कुठेही आत घेऊ नये, या तत्त्वावर सुधारलेल्या जगाचा कारभार उभा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक रंगांचा कारखाना या तत्त्वाचा कट्टर अनुयायी होता. तिथे टाकी साफ करायला उतरायचं तर परवाना लागे, परवान्यासाठी संगणकात शिरावं लागे आणि शिरायला पासवर्ड. त्यात किमान आठ अक्षरं, एक अंक आणि एक चिन्ह असावं, तो दर नव्वद दिवसांनी बदलावा, असा फलक कँटीनमध्ये भज्यांच्या दरपत्रकाशेजारी लावला होता. (दरपत्रक जास्त वाचलं जाई.)

ही प्रणाली सांभाळायला बेटेगावची भाविका होती. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर, प्रणाली बांधली होती, तो सहा वर्षांत म्हातारा झाला होता. नवी आवृत्ती अधिक सुरक्षित आहे, असं ती वर्षभर सांगत होती. शेवटी व्यवस्थापक दर्पणसरांनी मान डोलावली आणि भाविकाने रविवारी रात्री ती चढवली.

सोमवारी सकाळी तीनशे बारा कर्मचाऱ्यांनी आत शिरायचा प्रयत्न केला. तीनशे बारा जणांना एकच उत्तर आलं : ‘आपली ओळख पटलेली नाही.’ एवढी समानता त्या कारखान्यात याआधी फक्त दिवाळीच्या मिठाईत दिसली होती.

भाविकाने कॅशे पुसली, कुकीज पुसल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, त्याचं घड्याळ लावलं, गुप्त किल्ली नव्याने बनवली. दर्पणसरांच्या सूचनेवरून सर्व्हरला उदबत्तीही ओवाळली. (धुराचा अलार्म वाजला नाही. तो स्वतंत्र विषय आहे.) ओळख काही पटेना. मग चुकतंय कुठे ते डोळ्यांनी बघावं म्हणून ती थेट तीन नंबरच्या टाकीजवळच्या संगणकापाशी गेली.

तिथे सफाळ्याकडचा झिपरू एका बोटाने टंकत होता. नऊ वर्षं तो टाक्या साफ करत होता.

“झिपरूदादा, पासवर्ड काय टाकलात?”

“सोमवार.”

“तुमचा पासवर्ड सोमवार आहे?”

“आज सोमवार हाय ना, ताई. काल रविवार टाकला व्हता.”

“आणि परवा?”

“शनिवार,” झिपरू म्हणाला. शिकल्यासवरल्या बाईला वार सांगावे लागतात याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं. “आमी काय पन टाकतो. समदे टाकतात. आत जातं.”

कंपनी नव्वद दिवसांनी बदला म्हणत होती आणि हा माणूस रोज बदलत होता. भाविका जागेवर परतली, तिने जुना कोड उघडला आणि ओळ न् ओळ वाचून काढला. पासवर्ड तपासणारी ओळ भलत्याच जागी लिहिलेली होती, त्यामुळे जुनी आवृत्ती ती वाचतच नव्हती. सहा वर्षं दाराला कुलूप दिसत होतं, कडी मात्र नव्हती. नव्या आवृत्तीने पहिल्यांदाच पासवर्ड खरोखर तपासला होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता.

मग तिने परवाने कोणी मंजूर केले ते पाहिलं. सगळ्यांवर सुरक्षा अधिकारी विश्राम यांचं नाव होतं. विश्रामकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नव्हतं, कारण त्यांच्या नावाने कोणीही शिरून मंजुरी देई आणि काम अडत नव्हतं. उलट निवृत्तीनंतर त्यांची कार्यक्षमता वाढली होती : चौदाशे अठरा परवाने, एकही रजा नाही.

तिने त्यांना फोन लावला.

“मी तर चिंचणीत चिकूंना पाणी देतोय,” काका म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. “टाकीत कोण उतरलंय का?”

“नाही. परवाना निघत नाहीये, म्हणून झिपरूदादा बाहेर बसलेत.”

“बसू दे. मी येतो.”

काका स्कूटरवरून आले. फाटकावर नवी प्रणाली त्यांनाही घेईना. रखवालदार पडद्याकडे बघून म्हणाला, “काका, तुमची एंट्री व्हत नाय.” मग त्याने मान वर केली. “जा. मी ओळखतो ना तुमाला.” त्या दिवशी कारखान्यात पटलेली ही एकमेव ओळख.

काकांनी कपाटातून विषारी वायू हेरणारा गॅस मीटर काढला, अर्धा तास चार्ज केला आणि दोरी बांधून टाकीत सोडला. तो दोन हातही खाली गेला नसेल, तोच किंचाळू लागला. झिपरू भिंतीला टेकून खाली बसला.

दुपारी दर्पणसरांनी बैठक घेतली.

“साडेचार तास काम बंद. बिघाड काय तो सांग.”

“सर, बिघाड सहा वर्षं होता. काल तो दुरुस्त झाला. सगळ्यांना नवे पासवर्ड देऊ, आणि खरा सुरक्षा अधिकारी नेमा. दोन दिवस लागतील.”

“आणि जुनं परत टाकायला?”

“ते मी टाकणार नाही, सर.”

बाहेरून बोलावलेल्या नीलेशने ते चाळीस मिनिटांत टाकलं. ‘तांत्रिक अडचण तत्परतेने दूर’ म्हणून त्याचं अभिनंदन झालं आणि भाविकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिने एका ओळीत उत्तर दिलं : ‘कारण जिवंत असून टाकीबाहेर आहे.’ शुक्रवारी तिने राजीनामा दिला. झिपरू मात्र आता मीटर खाली सोडल्याशिवाय उतरत नाही. त्याच्या नोंदीत ‘कामात चालढकल’ असा शेरा आहे. विश्रामकाकांची कार्यक्षमता कायम आहे.

हे असलं तिकडेच चालायचं, असं ज्या वाचकांना वाटत असेल, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे. आज सकाळी आपण जिथे जिथे पासवर्ड टाकून आत गेलात, तिथे एकदा मुद्दाम चुकीचा टाकून पाहा.

नाही पाहणार. आत गेलं ना, मग झालं.