हाताचं प्रकरण

दोन बायकांचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना मध्ये शिरून "जरा हळू, लिहून घेतोय," असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे कोकरे सर. बारामतीच्या बाजारात दोघी कांदेवाल्या एकमेकींचा उद्धार करत होत्या आणि सर खिशातून कार्ड काढून उभे. "तोंड सांभाळ झालं, दात घशात घालीन झालं. खांद्याचं काय हाय का, मावशी?" दोघी भांडण विसरल्या आणि मिळून सरांवर तुटून पडल्या.

सणसरच्या मेंढपाळाचा हा मुलगा पीएच.डी. करत होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका इंग्रज कादंबरीकारानं शरीरावरचे साधे, रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार कसे वापरले, हा विषय. जोडीला मराठीतले तसेच वाक्प्रचारही ते गोळा करत. सर त्याला 'आमचा साहेब' म्हणत.

"आमचा साहेब पुस्तकी बोलत न्हाय. नकोशा पाव्हण्याला थंड खांदा दाखवतो, 'कोल्ड शोल्डर'. माझी आज्जी पाठ फिरवायची. फरक काय?"

जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाक्यं उतरवायची, आणि प्रत्येक अवयवाला बुटांचा एक खोका. नाक, कान, डोळे, कोपर. माणूस असा कपाटात तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला. सरांचं अक्षर सरांनाच लागत नसे, म्हणून कार्डं त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, लिहीत. सर एकेक अक्षर सांगत आणि सातवी शिकलेल्या वहिनी साहेबाचं इंग्रजी वळणदार अक्षरात उतरवत.

चार वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. स्टाफरूममधले आम्ही सगळे एकदा भेटून आलो. पुढं कुणाचं जाणं झालं नाही, माझंही नाही.

मग विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली. एकच प्रकरण राहिलं होतं, हाताचं. गाइड म्हणाले, साहेबाच्या लिखाणात हात पानोपानी आहे, ते प्रकरण नसेल तर प्रबंध आणू नका. सरांना विचारलं की एकच उत्तर, "हात अजून पिकला न्हाय." मला चीड यायची. पंधरा वर्षांची मेहनत हा माणूस आळसानं घालवतोय, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत बोललोही.

मुदतीला पाच दिवस उरले, तेव्हा तो खोका उचलून आणायचाच, असं ठरवून मी भवानीनगरला त्यांच्या घरी गेलो.

वहिनी खुर्चीत होत्या. उजवा हात उशीवर पडलेला, मुठीत चिंधीनं बांधलेलं पेन. सर पुस्तकातलं वाक्य वाचत, कार्ड त्या हाताखाली धरत, बराच वेळ थांबत आणि कार्ड खोक्यात टाकत. मी खोका उघडला. तळाची पन्नासेक कार्डं सुरेख लिहिलेली. वरची सगळी कोरी, एखाद्यावर ओढलेली रेघ.

"सर, मी लिहितो. दोन दिवसांत होईल."

"लिवायला मलाबी येतं, हो," सर म्हणाले. "डॉक्टर म्हणले हुते, हाताला काम द्या. तिला एवढंच काम येत हुतं. हे संपवलं, तर उद्या हिला काय काम देऊ?"

मला स्वतःची लाज वाटली. प्रबंध आता विद्यापीठात जाणार नाही, हे मला कळलं. तो हात हलणार नाही, हे सरांनाही कळत असावं.

सरांनी पान उलटलं. नवं कार्ड हाताखाली सरकवलं. "हं, लिव," म्हणाले, आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागले.